गिरणगावाचं एक मत

(दृश्य: बंद गिरणीची चिमणी. आवाज नाही.)

लालबाग-परळच्या चाळींत दिवस उजाडायचा तो भोंग्यावर. भोंगा झाला की पहिली पाळी आत, रात्रपाळी बाहेर. एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गाववाले एकमेकांना उठवायचे, खानावळीत ताटं मांडली जायची.

१८ जानेवारी १९८२ ला साचे, म्हणजे गिरण्यांतले माग, थांबले. साठाच्या आसपास गिरण्या, जवळपास अडीच लाख कामगार. त्या संपाबद्दल पुष्कळ लिहून-बोलून झालं आहे. आम्हाला सांगायचंय ते त्यानंतर तीनेक वर्षांनी झालेल्या एका मतदानाबद्दल. कारण गिरणी कामगाराला आपल्या युनियनबद्दल कुणी कधी मत विचारलंच नव्हतं.

(दृश्य: जुनी कागदपत्रं, शिक्के.)

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. कामगारांच्या तोंडी 'बी.आय.आर. ॲक्ट'. त्यानुसार मुंबईच्या कापडधंद्यात प्रातिनिधिक युनियन एकच, आणि मालकांनी बोलणी करायची ती तिच्याशीच. हा मान होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे काँग्रेसच्या वळणाच्या 'इंटक' या कामगार महासंघाच्या संघटनेकडे. युनियन कुणाची हे ठरायचं सभासदांच्या नोंदीवरून; कामगारानं गुप्त मतदान करून ती निवडावी, अशी सोय नव्हती. साच्यावर उभा राहणारा माणूस देशाचा पंतप्रधान ठरवायला मत देऊ शकत होता, पण आपल्या पगाराचा करार कोण करणार, हे ठरवायला नाही. आमच्या मते त्या संपाची खरी ठिणगी इथेच होती. १९८१ च्या दिवाळीतला बोनस हे निमित्त झालं.

बोनसवरून चिडलेले काही गिरण्यांचे कामगार मोर्चा घेऊन घाटकोपरला गेले, डॉक्टर दत्ता सामंतांकडे.

(दृश्य: सामंतांचं छायाचित्र. सभा, हजारो हात.)

डॉक्टर मूळचे कोकणातल्या देवबागचे. डॉक्टरी शिकले परळच्या केईएममध्ये, गिरण्यांच्या ऐन शेजारात. दवाखाना टाकला घाटकोपरला. तिथे दगडखाणीतले मजूर औषधाला यायचे. खोकला, जखमा, मोडलेली हाडं. दुखणं शरीराचं आणि मूळ मजुरीत, हे कळायला डॉक्टरला वेळ लागला नाही. खाणीतून युनियन उभी राहिली, मग इंजिनिअरिंग आणि केमिकलच्या कारखान्यांत पसरली. १९७२ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले, आणि तरीही १९७५ ला आणीबाणीत तुरुंगात गेले.

गिरण्यांचा संप अंगावर घ्यायला आधी ते कचरले होते. कापडधंदा त्यांना नवा, आणि वर तो कायदा. पण कामगार हटेनात.

मागण्या उघड होत्या. पगार वाढवा. बदली कामगारांना कायम करा. बदली म्हणजे रोज पाळीला गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. वर्षानुवर्षं असंच. आणि मोठी मागणी: बी.आय.आर. कायदा रद्द करा, आमची युनियन आम्हाला निवडू द्या. ही मागणी पैशांची नव्हती, म्हणूनच ती देणं सरकारला सगळ्यात अवघड गेलं.

संप बेकायदा ठरला. महिने गेले, मग वर्ष उलटलं. गावाकडून तांदूळ-नाचणीची गाठोडी आली, मंगळसूत्रं गहाण पडली. कुणी सातारा-सांगलीला, कुणी कोकणात परतलं. काही पुन्हा कामावर गेले. कित्येकांना परत घेतलंच नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारनं तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, पण संपाचा तिढा सुटला नाही. माघारीची वाट डॉक्टरांनी मोकळी ठेवली नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो, आणि तो खोटा नाही. घरं उद्ध्वस्त झाली ती कामगारांची.

(दृश्य: मतपेटी. रांग.)

अशा वेळी, १९८४ च्या डिसेंबरात, लोकसभेची निवडणूक आली. ऑक्टोबरच्या शेवटी इंदिरा गांधींची हत्या झाली होती. देशभर सहानुभूतीची लाट. काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. मुंबईच्या सहापैकी पाच जागा काँग्रेसनं घेतल्या.

सहावी जागा मुंबई दक्षिण मध्य. गिरणगाव. तिथून अपक्ष दत्ता सामंत निवडून आले.

जरा थांबून विचार करा. संप हरल्यातच जमा होता. ज्यांनी मत दिलं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात अडीच-तीन वर्षं पगार आलेला नव्हता. नोकरी गेली ती याच माणसाच्या मागे जाऊन, असं त्यांना रोज ऐकवलं जात होतं. तरी त्यांनी शिक्का त्याच्याच नावापुढे मारला. गिरणीच्या गेटवर जे मत मागून मिळालं नाही, ते त्यांनी शाळेच्या वर्गातल्या मतदान केंद्रावर दिलं. तुमची युनियन कोणती, या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच मोजलं गेलं.

डॉक्टर दिल्लीला गेले. पण कायदा राज्याचा होता. त्याची चावी मंत्रालयात होती, लोकसभेतल्या एकट्या अपक्षाच्या हातात नव्हती. गेलेली नोकरी त्या मतानं परत आली नाही. १९८९ मध्ये या जागेवर शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गिरणगावातली तरुण पोरं तोवर दुसऱ्या झेंड्याखाली गेली होती.

(दृश्य: पुन्हा चिमणी. मागे नव्या इमारतींचे मनोरे.)

संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.

१६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉक्टरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. संपाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते.