जिभेवरचा गारवा

(दृश्य: अगदी जवळून ओठ. जिभेच्या दोन्ही कडा वर वळतात, नळी होते.)

हा बारीक सुळसुळणारा आवाज ऐकलात? जीभ ओठांतून जराशी बाहेर आली आहे आणि तिच्या पोकळीतून हवा आत जाते आहे. हवा खोलीतलीच आहे, पण जिभेला आणि टाळूला ती गार लागते. या गारव्यावरूनच प्राणायामाला नाव मिळालं, शीतली.

साधारण १५व्या शतकातल्या ‘हठयोगप्रदीपिके’त स्वात्मारामांनी आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखून करायचे प्राणायाम, सांगितले आहेत. शीतली त्यांतलाच एक. वर्णन अगदी मोजकं आहे: जिभेनं वायू ओढावा, कुंभक करावा आणि दोन्ही नाकपुड्यांनी ‘शनकैः’ सोडावा. शनकैः म्हणजे हळूहळू. माझ्या मते सगळा अभ्यास या एका शब्दात आहे.

पण हा गारवा येतो कुठून? हाताच्या पाठीवर थोडं पाणी लावा आणि फुंकर घाला. जिभेवर नेमकं हेच घडतं. वाहत्या हवेनं तिच्यावरच्या ओलाव्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते, आणि ती बरीचशी जिभेतूनच घेतली जाते. जिभेवर ओलावा मात्र थोडाच असतो, आणि आतलं रक्त तिला सतत ऊब देत असतं. म्हणून जीभ गार झाली तरी अंगाचं तापमान काही त्यामुळे उतरत नाही. शीतलीनं ताप जातो, विषही उतरतं, असं त्याच ग्रंथात म्हटलं आहे. पण उन्हाचा तडाखा बसलेल्या माणसाला सावली, पाणी आणि डॉक्टरच हवेत. तिथे शीतलीवर विसंबू नका.

(दृश्य: ताठ बसलेली साधक. खांदे सैल, डोळे मिटलेले.)

मग करायची कशासाठी? तिच्या श्वासाकडे बघा. एवढ्याशा फटीतून हवा घाईनं येऊच शकत नाही, त्यामुळे श्वास आपोआप लांबतो. नवशिका मात्र इथेच जोर लावतो. गाल आत जातात, मानेच्या शिरा ताणतात, आणि उच्छ्वास धाडकन तोंडावाटे सुटतो. तसं करू नका. जीभ आत घ्या, तोंड मिटा, आणि नाकानं सावकाश सोडा. वरच्या ओठावर उबदार झुळूक जाणवेल. आत येताना गार, बाहेर जाताना ऊबदार. या दोन स्पर्शांवर लक्ष ठेवलं की मन फारसं भरकटत नाही. सुरुवातीला श्वास रोखायचीही गरज नाही. पाच-सहा आवर्तनं पुरेत.

आणि जीभ वळतच नसेल तर? मनाला लावून घेऊ नका. १९४० मध्ये जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी मांडलं की ही गोष्ट आनुवंशिक आहे. पुढे १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची नाही, अशा जोड्या आढळल्या. म्हणजे मामला एका जनुकाइतका सोपा नाही. शिवाय त्याच ग्रंथात सीत्कारीही आहे. ती हल्ली बहुतेक ठिकाणी अशी शिकवतात: दात अलगद जुळवायचे, ओठ उघडायचे आणि ‘सीऽऽ’ करत श्वास घ्यायचा. दातांत कळ येत असेल तर ती मात्र सोसत बसू नका.

एक खबरदारी मी आवर्जून सांगेन. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओली करतं. तोंडानं घेतलेल्या श्वासाला हे सगळं तितकंसं मिळत नाही. धुळीत, धुरात किंवा कडक थंडीत शीतली टाळा. सर्दी-खोकला असेल तेव्हाही नको. दमा किंवा कमी रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

(दृश्य: शेवटचं आवर्तन.)

ओठ मिटले आहेत. कोरडी पडलेली जीभ टाळूला टेकली, एक आवंढा गिळला गेला. ओलावा परत येतो आहे. ती डोळे उघडत नाही. श्वास आता नाकानंच चालू आहे, आणि त्याचा आवाज येत नाही.