पितळी साच्यातली टोपी

[कढई. तेलात उतरणारा साचा.]

साचा अजून पिठाला लागलेला नाही. आधी तो तेलात तापतो. लांब दांडी, लाकडी मूठ आणि टोकाला उभ्या पन्हळी पाडलेला, लिंबाएवढा पितळेचा ठोकळा.

या साच्यावर होणारा पदार्थ म्हणजे कुए पाय टी, सारण भरून खायची कुरकुरीत वाटी. मलाक्का, पेनांग, सिंगापूर इथल्या पेरानाकन घरांमधला. या बंदरांत येऊन राहिलेल्या आणि इथेच संसार थाटलेल्या चिनी व्यापाऱ्यांचे हे वंशज. पुरुषाला म्हणतात बाबा, बाईला न्योन्या. जेवण न्योन्यांच्या हातचं, त्यात चीनचं सोयाबीन आणि मलय मसाला एकाच पातेल्यात नांदतात.

[पिठाचं भांडं. हात.]

तांदळाचं पीठ, मैदा, अंडं, मीठ, पाणी. पीठ सरसरीत, गाठ एकही नको. आता हात बघा. साचा तेलातून काढला, कागदावर टेकवला, पिठात बुडवला, पण काठाच्या जरा खालीच थांबवला. पीठ काठावरून वर चढलं, तर तळलेली वाटी साच्यातून सुटायचीच नाही. साचा कोमट असेल तर पीठ धरत नाही. हा अंदाज हातालाच येतो, आणि तो यायला बऱ्याच वाट्या वाया जाव्या लागतात.

[साचा पुन्हा तेलात. जवळून.]

आता साचा हलकेच वरखाली. वरची कड तेलात उमलते, बाहेर वळते. झाली टोपी! इंग्रजीत हिला ‘टॉप हॅट’च म्हणतात. गोव्यात नाताळला होणारी रोझ कुकी, केरळचं अच्चप्पम, तीही अशाच तापल्या साच्यावरची. ती गोड, ही तिखटमिठाची.

[विळीसारखी झरझर चालणारी सुरी.]

सारण बंगकुआंगचं. हा पांढरा, पाणीदार कंद. किसला तर लगदा होतो, म्हणून काड्यांसारखा चिरायचा. मग लसूण, आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट आणि वाळवलेली कोळंबी, म्हणजे आपले सोडेच. मंद आचेवर शिजवून पाणी निथळून घ्यायचं. हेच सारण मऊ पोळीत गुंडाळलं की पोपिया.

तयार वाट्या आता डब्यातून विकत मिळतात, आणि ज्या घरात त्या येतात तिथला साचा फडताळात जातो.

[चिनी नववर्ष. टेबलावर रिकाम्या वाट्यांची रांग.]

पाहुणे बसले. वाट्या अजून रिकाम्याच आहेत, कारण भरून ठेवल्या की मऊ पडतात. आता सारण, वर अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या, एक कोळंबी, कोथिंबिरीचं पान, मिरचीच्या सॉसचा थेंब. आणि अख्खी वाटी एका घासात.

[कुरकुर. निवेदन नाही.]