वोल्फ्राममधला ‘राम’ कोणता?

नमस्कार मंडळी. जर्मनीत एखाद्या वयस्क गृहस्थांचं नाव ‘वोल्फ्राम’ आहे असं कळलं, की मराठी कान शेवटच्या ‘राम’पाशी थांबतो. तुकाराम, सखाराम, आत्माराम ऐकत वाढलेल्यांचं असं होणारच. पण हा राम अयोध्येचा नव्हे, तो पक्षी आहे. डोमकावळ्याच्या जातकुळीतला, त्याहून थोराड; सोयीसाठी पुढे त्याला डोमकावळाच म्हणू. आजच्या जर्मनमध्ये त्याला ‘राबे’ म्हणतात, जुन्या जर्मनमध्ये ‘ह्राबान’. जोडनावात ‘ह्राबान’ आखडून ‘ह्राम’ झाला, मग सुरुवातीचा ‘ह’ गळला. जोड न लागलेला ह्राबान पाहायचा असेल, तर फुल्डाच्या मठाचे नवव्या शतकातले मठाधिपती ह्राबानुस माउरुस यांच्या नावात तो शाबूत आहे.

रामाचं नातं तुटलं, तरी पहिल्या अर्ध्या भागाचं नातं अस्सल आहे. ‘वोल्फ’ म्हणजे लांडगा, आणि हा शब्द व संस्कृत ‘वृक’ एकाच मुळाचे. भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात जो प्राणी आहे, तोच इथे आहे.

जुनी जर्मानिक नावं बहुधा दोन शब्द जोडून बनत. शब्दांचा साठा ठरलेला असे आणि नवं नाव बनवताना त्यातूनच निवड होई. घराण्याची खूण म्हणून बापाच्या नावातला एखादा तुकडा मुलाकडे जाई. ‘हिल्डेब्रांड’च्या जुन्या काव्यात आजा हेरिब्रांट, बाप हिल्टिब्रांट आणि मुलगा हाडुब्रांट आहे: शेवट तोच, आरंभीचा ‘ह’ही तोच. दुसरा तुकडा लिंग ठरवत असे. ‘गुंड’ म्हणजे युद्ध (आपल्या गुंडाशी त्याचा संबंध नाही). तो पुढे आला तर ‘गुंट्राम’ हा पुरुष, मागे आला तर ‘हिल्डेगुंड’ ही स्त्री. लांडगाही मागे जातो, पण तिथे तो झिजून ‘ओल्फ’ होतो आणि रुडॉल्फमध्ये ओळखू येत नाही.

नावावरून लिंग कळलंच पाहिजे, हा आग्रह जर्मन नोंदणी कार्यालयांत फार काळ टिकला. तो मोडला तो एका भारतीय नावावरून, हे आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावं. मुलीचं ‘किरण’ एवढं एकच नाव नोंदवायला नकार मिळाला होता. डिसेंबर 2008 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला.

वोल्फ्रामचा अर्थ सांगताना नेहमी एक चूक होते. ‘लांडग्यासारखा डोमकावळा’ असा विग्रह केला जातो. ते दोन तुकडे शेजारी ठेवले आहेत, त्यांतून वाक्य काढू नये. दोघांना जोडणारी जागा रणांगण. 937 सालच्या ब्रुनानबुर्हच्या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी कवितेत प्रेतांवर उतरणारे डोमकावळा, गरुड आणि लांडगा एकापाठोपाठ येतात. जुन्या स्कँडिनेव्हियन (नॉर्स) पुराणांतल्या ओडिन देवाजवळ दोन लांडगे आणि दोन डोमकावळे असतात हेही खरं. मात्र ते वर्णन करणारे नॉर्स ग्रंथ तेराव्या शतकात लिहिले गेले, आणि नाव त्याहून कितीतरी जुनं आहे. म्हणून ‘ओडिनच्या भक्ताचं नाव’ असं ठामपणे म्हणणं बरोबर नाही. सातव्या-आठव्या शतकाच्या सांध्यावर उत्तर समुद्राकाठच्या फ्रिसियन लोकांत धर्मप्रचार करणारे, फ्रान्समधल्या सांसचे बिशप संत वुल्फ्राम हेच नाव मिरवत होते. इंग्लंडमधल्या ग्रँथमचं मोठं चर्च त्यांच्याच नावाचं.

नाव खऱ्या अर्थाने टिकवलं ते ‘पार्त्सिफाल’ हे मध्ययुगीन जर्मन महाकाव्य रचणाऱ्या वोल्फ्राम फॉन एशेनबाख या कवीने. बव्हेरियातलं त्याचं गाव 1917 पासून ‘वोल्फ्राम्स-एशेनबाख’ म्हणून ओळखलं जातं.

टंगस्टन या धातूचं रासायनिक चिन्ह डब्ल्यू आहे ते वोल्फ्राम या धातुनामावरून. पण तो शब्द वेगळा. कथिल वितळवताना त्यात टंगस्टनचं खनिज मिसळलं असेल तर कथिल कमी हाती येई, लांडग्याने खाल्ल्यासारखं. आग्रिकोला या जर्मन खनिजतज्ज्ञाने 1546 मध्ये त्याला लॅटिनमध्ये ‘लांडग्याचा फेस’ म्हटलं. त्या ‘राम’मध्ये पक्षी नाही.

आता उच्चार. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून ‘व’ म्हणा; इंग्रजी ‘वुल्फ’ नको. जोर पहिल्या अक्षरावर. देवनागरीत ‘राम’ लिहावं लागतं, पण तो ‘आ’ आखूड आहे. लांबवला, तर जर्मन माणसाला त्यात साय ऐकू येते, कारण दीर्घ ‘राम’ म्हणजे जर्मनमध्ये दुधावरची साय.