चूल घेताना तवा सोबत न्या

नमस्कार मंडळी, आणि खास करून ज्या मावश्या, वहिनी आत्ता चुलीपुढं बसून रेडिओ ऐकताय त्यांना नमस्कार! आज चुलीबद्दलच बोलायचंय. २०१६ पासून उज्ज्वलाचं सिलिंडर बऱ्याच घरात आलं, चांगलंच झालं, पण ते संपलं की भरायला रोख पैसे लागतात आणि पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या तर दाराशीच पडलेल्या असतात, मग चूल पेटतेच, आंघोळीच्या पाण्याला तर हमखास.

साध्या चुलीत सरपणाच्या उष्णतेतली जेमतेम दहा टक्के भांड्याला लागते, बाकी वाया. सुधारित चुलीत लाकडाखाली जाळी असते, राख खाली गळते, हवा खालून येते, जाळ नीट लागतो, त्यामुळे सरपण कमी लागतं आणि धूरही कमी होतो.

मग या चुली घरोघरी का नाहीत? सरकारने १९८३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम काढला, देशभर तीन कोटींच्या वर चुली बसवल्या, आणि २००२ च्या सुमारास तो बंद पडला. पुढं ओडिशात संशोधकांनी धुराड्याच्या चुली दिलेली घरं काही वर्षं सतत तपासली, तर पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झालेला, नंतर फरकच उरला नाही, कारण चुली फुटल्या, धुराडी साफ झाली नाहीत, आणि चुलीचा वापरही कमी होत गेला.

यावर कोणी म्हणतं बायकांना नवीन काही नको असतं, हे ऐकलं की मला खरंच राग येतो. अहो, भाकरी तव्यावर भाजून झाली की ती चुलीच्या तोंडाशी, आरावर उभी करून शेकतात, तेव्हा कुठं ती टम्म फुगते! चुलीचं तोंड एवढंसं ठेवलं, निखारे ओढायला जागाच नाही, तर ज्वारीची भाकरी करायची कुठं? हे ती चूल बनवणाऱ्याने आधी विचारायला पाहिजे होतं ना.

म्हणून चूल घ्यायला जाल तेव्हा घरातला तवा आणि रोजचं पातेलं सोबत न्या, ठेवून बघा, डुगडुगतंय का, आर ओढायला जागा आहे का, जाळी जळाली तर नवीन मिळते का, आणि धुराडं कुठून उघडून काजळी काढायची ते तिथंच करून दाखवायला सांगा. आणि सरपण अंगठ्याएवढं बारीक फोडून, वाळवून घाला, ओलं घातलं तर कुठलीही चूल धूर करणारच.