दोनशे दहा तंबूंखाली

कॅमेऱ्यासोबत आधी वर बघा. हे पांढरे तंबू एकाला लागून एक असे पसरलेत, मोजायला गेलात तर 210 भरतात. सौदी अरेबियातल्या जेद्दाच्या विमानतळावरचं हे हज टर्मिनल, 1981 ला सुरू झालेलं. वरचं कापड साधं नाही, काचतंतूंवर टेफ्लॉनचा थर दिलेलं, पोलादी केबलवर ताणलेलं आहे, आणि प्रत्येक तंबूच्या शेंड्याला गोल मोकळी जागा ठेवलीय ना, तिथून गरम हवा वर निघून जाते. ह्या छतामागचं इंजिनिअरिंगचं डोकं फझलूर रहमान खान यांचं, मूळचे ढाक्याकडचे, शिकागोची सिअर्स टॉवर ही गगनचुंबी इमारत उभी करणारे तेच. 1982 ला इथे जेद्दातच त्यांचं निधन झालं.

ह्याच टर्मिनलच्या पश्चिमेकडच्या भागात 25 जानेवारी ते 25 मे 2025 इस्लामिक आर्ट्स बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं कलाप्रदर्शन, भरलं. हे दुसरं पर्व, पहिलं 2023 चं. कुराणात आकाश, पृथ्वी आणि त्या दोघांच्या मधलं सगळं असं येतं, त्यातलं ते 'मधलं सगळं' म्हणजे ह्या वेळच्या प्रदर्शनाचं नाव. 500 हून जास्त वस्तू, व्हॅटिकनच्या ग्रंथालयासारख्या तीसेक संस्थांकडून आलेल्या.

आता ह्या लाकडी पेट्या बघा. पेटी आली की लगेच उघडत नाहीत. निदान एक दिवस तशीच बंद ठेवतात, आतल्या वस्तूला इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून, कारण बाहेर तांबड्या समुद्राची दमट हवा आणि आत तीन-चारशे वर्षांचा कागद. मग मालक संस्थेचा माणूस समोर उभा राहतो, टॉर्च तिरका धरून एकेक चीर, एकेक डाग तपासायचा, फोटो काढायचा, कागदावर लिहायचं, त्याने आणि इथल्या माणसाने दोघांनी सही करायची, आणि परत जाताना हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून. व्हॅटिकनहून आलेला 17 व्या शतकातला नाईल नदीचा नकाशा पाच मीटरहून लांब आहे, असलं काही उलगडताना हात जराही हलून चालत नाही. अशा कागदावर आणि कापडावर उजेड साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पडू द्यायचा असतो, म्हणून ही दालनं एवढी अंधारी. लोक आत आले की आधी थबकतात, डोळे सरावले की मग हळूहळू एकेक अक्षर दिसायला लागतं.

आणि हा किस्वा. मक्केतल्या काबा ह्या पवित्र वास्तूवरचं आच्छादन, अख्खं, मक्केच्या बाहेर पहिल्यांदाच असं मांडलेलं. मुस्लिम नसलेल्यांना मक्केत जाता येत नाही, म्हणजे कितीतरी लोकांना हे इतक्या जवळून बघायची संधी फक्त इथेच होती. काळं रेशीम, उंची 14 मीटर.

अजून जवळ जाऊ. अक्षराच्या खाली आधी सुती दोऱ्यांची भर घालून उंचवटा करतात, मग त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नेऊन टाका मारायचा, परत मागे, परत टाका. तार कापडाच्या आरपार जात नाही, वरच बसते, फक्त दोरा खाली जातो. आपल्याकडे जरदोजी करणारा कुणी हे बघेल तर त्याला काही समजवावं लागणार नाही, आणि तसं नातंही आहे, कारण पूर्वी किस्वा इजिप्तहून यायचा, आणि 1927 ला मक्केत पहिला कारखाना निघाला तेव्हा माग आणि विणकर हिंदुस्तानातून गेले होते. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. मला हे फार लागतं. सुलतानाचं नाव असतं, संग्राहकाचं असतं, ज्याच्या बोटांना तारेचे चरे पडले त्याचं नसतं, म्हणून कॅमेरा मुद्दाम ह्या टाक्यांवर एवढा वेळ थांबवलाय.

बाहेर आजच्या काळातल्या कलाकारांची मोठमोठी कामं आहेत, उघड्यावर, तंबूंच्या सावलीत, बागेच्या कल्पनेभोवती गुंफलेली. आणि ही नमाजाची जागा, अल्‌मुसल्ला. स्पर्धा घेऊन निवडलेलं डिझाइन, बैरूत आणि शारजाच्या ईस्ट आर्किटेक्चर स्टुडिओचं. बारकाईने बघाल तर भिंत विणलेली आहे, आणि सामान काय तर खजुराच्या झाडाचा टाकाऊ भाग, एरवी जाळून टाकतात तो. सगळं सुटं करून दुसरीकडे परत जोडता येईल असं केलंय. इथे कुणी चपला काढून आत बसलंय, कुणी नुसताच भिंतीवर हात फिरवतोय.

मे संपता संपता प्रदर्शन उतरलं, वस्तू आपापल्या घरी गेल्या.

पण शेवटच्या त्या आठवड्यांत हजचा सीझन सुरू झालेला होता. ह्याच विमानतळावर यात्रेकरूंची विमानं उतरत होती. 1995 पर्यंत आपल्या मुंबईच्या बंदरातून निघालेली हजची जहाजं ह्याच शहराच्या धक्क्याला लागायची, आता कितीतरी जण ह्या तंबूंखालून जातात. ही आजी बघा, पांढऱ्या कपड्यात, गळ्यात ओळखपत्र, बॅग खाली ठेवून वर बघत उभी आहे.