अंगण : पाणी आधी, फरशी शेवटी

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

फलकावर आजच्या विषयाचे नाव ‘दहा वर्षांत उभे राहणारे अंगण’ असे लिहिलेले आहे आणि संयोजकांनी मला पन्नास मिनिटे दिली आहेत. या हिशेबाने वर्षाला पाच मिनिटे येतात. परंतु पहिल्या वर्षावरच मी बराच वेळ घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि त्या खात्यातल्या माणसाला पाणी कोठून येते व कोठे जाते हे कळल्याशिवाय पुढचा शब्द सुचत नाही.

माझे म्हणणे असे की, आपण अंगणाची कामे नेमक्या उलट्या क्रमाने करतो. वास्तुशांतीची तारीख जवळ आलेली असते, पाहुणे येणार असतात, म्हणून उरलेल्या चार दिवसांत ठेकेदार सगळ्या आवारावर पेव्हर ब्लॉक घालून टाकतो. भिंतीच्या कडेने फूटभर पट्टी मोकळी राहते, तिच्यात रोपवाटिकेतून आणलेली चार शोभेची झाडे लागतात आणि पुढची वीस वर्षे आपण त्या पट्टीलाच बाग म्हणतो. माझ्या मते क्रम असा हवा : पहिल्यांदा पाणी, मग माती, मग सावली, त्यानंतर फळे-फुले, आणि फरशी सर्वांत शेवटी. ज्याला मंजूर नकाशात ‘सामासिक अंतर’ असे रुक्ष नाव आहे, ती घराभोवतीची आठ-दहा फुटांची जागा या क्रमाने हाताळली, तर खर्चही वर्षांवर वाटला जातो आणि केलेले काम उखडावे लागत नाही.

आता उदाहरण. माझ्या थोरल्या बंधूंचा आपल्या नाशकात इंदिरानगरच्या बाजूला छोटा बंगला आहे. त्याची कथा मी जेथे संधी मिळेल तेथे सांगतो, आणि बंधू आज सभागृहात नसल्यामुळे ती सविस्तर सांगता येईल. घर बांधले तेव्हा जोते रस्त्यापेक्षा चांगले उंच होते. पुढे दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढत गेला, जुना खरवडून काढण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नसल्यामुळे रस्ता वर येत गेला आणि आवार जागच्या जागी खोलात गेले. हे माझ्या बंधूंचेच दुखणे नाही. समोर माना हलताना दिसत आहेत त्यावरून निम्मे सभागृह खोलात राहत असावे. अशा स्थितीत बंधूंनी ठेकेदाराला बोलावले, आणि त्याने पाण्याच्या उताराबद्दल एक अक्षरही न विचारता सगळे आवार सपाट करून खाली पीसीसी म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा थर, त्यावर कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा आणि त्यावर पेव्हर ब्लॉक असा तीन पदरी बंदोबस्त केला. पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळी पाणी दिवाणखान्यात आले. ठेकेदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “साहेब, यंदा पाऊसच जास्त आहे.” पाऊस नुकता सुरू झाला होता.

येथे एक हिशेब मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय या प्रसंगाचे गांभीर्य कळत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. नाशिक शहराचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. इगतपुरीचा तीन हजारांच्या आसपास जातो, त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांसमोर आपल्या पावसाची तक्रार करू नये. तरीसुद्धा १,००० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाकाठी ६५ हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे सहा टँकर भरून वर उरेल इतके हे पाणी पावसाळ्यात आपण गटारात सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याचा नंबर शोधतो. बंधूंच्या घरी गच्चीच्या पाइपांचे तोंड नेमके त्या बंदिस्त आवारात उघडत होते. जमीन मोकळी असती तर निदान काही पाणी जिरले असते.

याच आवारात वहिनींचे एक लिंबाचे झाड होते. ठेकेदाराने त्याच्या बुंध्याभोवती हातभर रुंदीचे आळे तेवढे सोडले होते. झाडाची कोवळी पाने पिवळी पडत, मात्र त्यांच्या शिरा हिरव्याच राहत. कोणी नत्र घाला म्हणाले, कोणी शेणखत, कोणी दृष्ट काढा म्हणाले. वहिनींनी तिन्ही उपाय केले. शेवटी मी हट्टाने झाडाजवळचे ब्लॉक उचलायला लावले. खालची पीसीसी फोडल्यावर जे निघाले त्याला माती म्हणणे कठीण होते. विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, चुन्याचे ढेकळ, आणि गोणीतच दगड झालेला सिमेंटचा एक गठ्ठा, ज्याच्या पृष्ठभागावर गोणीची वीण जशीच्या तशी उमटलेली होती. बांधकामाचा सगळा राडारोडा बाहेर नेऊन टाकण्याचा खर्च वाचवून तो आवारातच पुरला होता. तेथली चिमूटभर पूड बशीत घेऊन त्यावर वहिनींनी व्हिनेगर ओतले तेव्हा ती फसफसली. ज्या मातीत चुना फार असतो तिच्यात लोह असूनही झाडाच्या मुळांना ते उचलता येत नाही, आणि शिरा हिरव्या ठेवून पान पिवळे पडणे ही त्या उपासमारीची खूण आहे. आपल्याकडच्या काही काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते. त्यात सिमेंटची भर घातल्यावर लिंबासारख्या झाडाने तग धरावा, हीच नवलाची गोष्ट होती.

राडारोडा काढून झाल्यावर आवाराचा उतार घरापासून कुंपणाकडे काढून घेतला, दर दहा फुटांना सुमारे अडीच इंच. पण आवार रस्त्याच्या खाली असल्यामुळे कुंपणाकडे आलेले पाणी पुढे जाणार कोठे, हा प्रश्न राहिलाच. मी कागदावर आकृत्या काढत बसलो असताना वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, पाणी आपसूक त्या ईशान्येच्या कोपऱ्यात जातं, आणि तिथलं दोन तासांत जिरतंही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकी वर्षं बघते आहे. ठेकेदारानं मला विचारलं कुठे?” त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. तेथे काळ्या मातीचा थर पातळ होता आणि खाली मुरूम लागत होता. त्या कोपऱ्यात मुरमापर्यंत खोल शोषखड्डा केला, तळाला दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू भरली, गच्चीचे पाइप तिकडे वळवले आणि खड्ड्याच्या कडेने अळू व कर्दळ लावली. हा शोध अर्थातच नवा नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या परसात न्हाणीघराचे पाणी केळीला आणि अळूला जात असे. फरक एवढाच की त्या पाण्यात डिटर्जंट नव्हते. आजच्या धुलाईयंत्राचे पहिले पाणी झाडांना देऊ नये, कारण त्यातला सोडियम काळ्या मातीचा पोत बिघडवतो आणि ती आणखी घट्ट होते. शेवटचे विसळलेले पाणी चालते.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, नवीन घरात गेल्यावर एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा जमिनीवर कायमचे काही करू नका. छत्री घेऊन बाहेर या, पाणी कोठे थांबते ते पाहा आणि तेथे खुंटी ठोका. फूटभर खोल खड्डा करून तो दोनदा पाण्याने भरा, आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला किती इंच उतरते ते मोजा. वैशाखात काळ्या मातीला भेगा पडल्या तर त्यांत काठी घालून खोली बघा. घरातले वडीलधारे या काळात “नुसतं बघत काय बसलात, दोन झाडं तरी लावा,” असे म्हणतील. त्यांच्या समाधानासाठी कुंड्या आहेत.

पाण्याइतकेच ऊन पाहावे लागते. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर येतो, त्यामुळे घराची सावली उत्तरेकडे जवळजवळ घराच्या उंचीइतकी लांब पडते. दुमजली घराच्या उत्तरेच्या दहा फुटांत कार्तिकापासून माघापर्यंत ऊन पोहोचत नाही. उलट जूनमध्ये दुपारचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि ती जागा उजळते. मग तेथे गुलाब लावून रडण्यात अर्थ नाही, कारण गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागते आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, म्हणजे नेमका ती जागा अंधारण्याच्या सुमारास, त्याचा बहर सुरू होतो. तेथे हळद लावावी. ती उन्हाळ्याच्या शेवटी लागते, पावसाळाभर वाढते, आणि पौषात पाने पिवळी पडून काढणीला येते तेव्हा तिला उन्हाची गरजच उरलेली नसते. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद, म्हणजे बागांचे गाव, म्हणत, ही आठवण गुलाबाच्या प्रत्येक कार्यक्रमात निघते. परंतु गुलशनाबादेतही सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडेच कलत असणार.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की दहा मिनिटे उरली आहेत. म्हणजे पहिले वर्ष संपले आणि नऊ वर्षे दहा मिनिटांत उरकायची आहेत. उरकतो.

दुसरे वर्ष मातीचे. राडारोडा निघाला की त्या जागी बाहेरून काळी माती आणून भरण्याचा मोह होतो. काळी माती सकस खरी, पण मुरमात खणलेल्या खड्ड्यात नुसती काळी माती भरली तर तो खड्डा पावसाळ्यात घमेल्यासारखा पाणी धरून बसतो. लिंबाला डिंक्या होतो, म्हणजे खोडातून डिंक गळू लागतो, आणि पपईचा बुंधा सडतो. निम्मी माती, उरलेल्यात कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि थोडा बारीक मुरूम असे मिश्रण करावे आणि वाफे जमिनीपासून वीतभर उंच ठेवावेत. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत. वाळलेली पाने जाळणे बंद करावे. तीच वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरावीत, म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी लागते आणि भेगाही कमी पडतात.

तिसऱ्या वर्षी जुलैत, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, सावलीची झाडे. पश्चिमेचे ऊन एप्रिल-मेमध्ये घर तापवते, म्हणून त्या बाजूला उन्हाळ्यात पान टिकवणारे झाड हवे. बहावा सुंदर आहे, पण ऐन वैशाखात फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पाने फारशी नसतात; सीताफळही उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडे पडते. दहा फुटांच्या जागेत पेरू चांगला. कडुनिंबाची नवी पालवी चैत्रात येते, सावली उत्तम, पण त्याला मोठे आवार हवे. जोत्याजवळ तो लावू नये. गुलमोहर तर वादळात फांदी टाकतो, आणि ती शेजाऱ्याच्या गाडीवर पडते असा माझा अनुभव आहे.

चौथ्यापासून सातव्या वर्षापर्यंत फळे, फुले, वेली. कढीपत्ता एकच लावा. त्याच्या मुळांतून फुटवे येत राहतात आणि तो पुढे स्वतःच पसरतो. लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती फुलपाखराची आहे. झाड मोठे असेल तर चार पाने तिला खाऊ द्यावीत. आणि नाशिककरांचा लाडका प्रश्न, दारात द्राक्षाचा मांडव. द्राक्षाला नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि फळांसाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी हवी, ओल्या हवेत डावणी हा बुरशीसारखा रोग येतो, पुढे भुरी हा दुसरा बुरशीचा रोग येतो, आणि बागायतदार किती फवारण्या करतो ते निफाडला जाऊन विचारा. मांडवच हवा असेल तर त्यावर कृष्णकमळ किंवा जाई चढवा.

आठव्या-नवव्या वर्षी फरशी. तोवर माणसे रोज कोठून चालतात ते पायवाटेवरूनच दिसते, आणि फरशी तेवढ्याच जागेवर लागते. सांधे सिमेंटने भरू नयेत, खाली पीसीसी नको, मुरूम व कच पुरे. गाडी जिथे उभी राहते तिथेही चाकांखाली दोन पट्ट्या घातल्या की भागते.

दहाव्या वर्षी झाडे मोठी झालेली असतात आणि एखादे अडचणीचे वाटू लागते. ते आपल्याच आवारात असले तरी तोडण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. १९७५ चा कायदा तसा आहे. म्हणूनच तिसऱ्या वर्षी झाडे अंतर मोजून लावा. हिरवळीबद्दल मी बोललो नाही, कारण ६५ हजार लिटरच्या हिशेबात ती बसत नाही. प्रश्नोत्तरांत कोणी विचारले तर हेच उत्तर मिळेल. खड्ड्याच्या मिश्रणाचे प्रमाण आणि उतार मोजण्याची पाण्याच्या नळीची पद्धत लिहिलेले कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रती मोजक्या आहेत, तेव्हा एका घराने एकच घ्यावा, आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी ज्यांचा वावर असतो त्यांच्या हाती द्यावा.