एका संघाचे दोन संघ

(पहाट. गोदावरीचा घाट. मग खालसा हायस्कूलचं मैदान. चुन्याच्या रेषा आखणं चालू आहे.)

नांदेड. गुरु गोविंदसिंगजींच्या जयंतीच्या सुमाराला, ऐन थंडीत या मैदानावर चुना पडायला लागतो आणि शहराला कळतं, हॉकीचा गोल्ड अँड सिल्व्हर कप आला. पंजाबातून, दूरदूरच्या शहरांतून संघ येतात. कडेला दाटीवाटीनं बसलेली माणसं मराठी, पंजाबी आणि दखनी, तिन्ही भाषांत ओरडतात. आणि हॉकीच्या गप्पा रंगल्या की भारत-पाकिस्तानचं नाव निघतंच.

ही गोष्ट एकाच संघाची आहे. १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात अली इक्तिदार शाह दारा ध्यानचंदांच्या बरोबरीनं भारतासाठी खेळले. बारा वर्षांनी लंडन ऑलिम्पिकला तेच दारा पाकिस्तानचे कर्णधार होते. घर वाटून घ्यावं तशी हॉकी वाटली गेली.

त्याच लंडनमध्ये, १२ ऑगस्ट १९४८ ला, स्वतंत्र भारतानं ब्रिटनला ४-० नं हरवून पहिलं सुवर्ण घेतलं. त्या दिवशी नांदेड भारतात नव्हतं. निजामाची राजवट संपायला, मराठवाडा मुक्त व्हायला अजून छत्तीस दिवस होते. आपल्या भागानं तो जल्लोष कसा ऐकला असेल, दबक्या आवाजात की ऐकलाच नसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

(जुनी छायाचित्रं: मेलबर्न, रोम, टोकियो.)

लंडनला हे दोन संघ समोरासमोर आलेच नाहीत. ते आले १९५६ ला मेलबर्नमध्ये, थेट अंतिम सामन्यात. भारत १-०. रोम, १९६०: पाकिस्तान १-०. भारताची सलग सहा सुवर्णांची माळ तिथं तुटली. टोकियो, १९६४: पुन्हा भारत १-०. तीन ऑलिम्पिक, तीन अंतिम सामने, मिळून तीनच गोल. आणि ऑलिम्पिकमधल्या परतफेडीसाठी दर वेळी चार वर्षं थांबायचं.

(दिल्ली, १९८२. रिकामं गोलपोस्ट.)

१ डिसेंबर १९८२. दिल्लीत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. पाकिस्तान ७, भारत १. गोलरक्षक मीर रंजन नेगी. त्या सात गोलांसाठी या माणसानं जे सोसलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. थेट देशद्रोहाचे आरोप झाले. १९९८ मध्ये बँकॉकला भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा संघाच्या गोलरक्षकांना तयार करणारे नेगीच होते. सोळा वर्षं लागली. चार दिवसांनी दुसरा सामना असता, तर?

म्हणून मला दोन संघांमधली सलग सामन्यांची मालिका मोलाची वाटते. २००४ मध्ये दोन्ही संघ आठ कसोट्या खेळले, चार तिकडे, चार इकडे. २००६ मध्ये सहा, त्याही निम्म्या-निम्म्या. दोन्ही मालिका पाकिस्ताननं जिंकल्या, आणि तरी मी म्हणेन की त्या व्हायलाच हव्या होत्या. मालिकेत आज हरलेला बचावपटू परवा त्याच फॉरवर्डसमोर उभा राहतो. त्याची चाल ओळखतो, शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल समोरच्याला मिळालेल्या फटक्याला, कुठून धावायचं ते बदलतो. प्रेक्षकही समोरच्या संघाला नावानिशी ओळखायला लागतात, त्यांच्या चांगल्या पासला नकळत टाळी देतात.

२००६ नंतर अशी मालिका झालेली नाही. गाठ पडते ती मोठ्या स्पर्धांत, एखाद्या दिवसापुरती. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं पाकिस्तानला १०-२ नं हरवलं. त्या दहा गोलांना उत्तर द्यायला त्यांनाही पुढची कसोटी नव्हती.

(पुन्हा खालसा हायस्कूलचं मैदान. एक पोरगा शॉर्ट कॉर्नरचा सराव करतोय. चेंडू फळीवर आदळल्याचा आवाज.)

हा पोरगा २००६ साली जन्मलाही नव्हता. भारत-पाकिस्तान मालिका त्यानं फक्त थोरांच्या तोंडून ऐकली आहे.